वजन वाढलेल्या आठवड्यातही या: वजन कमी करणारा गट जमवायचा कसा, टिकवायचा कसा

रविवारी सकाळी सव्वासात वाजता आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत, बी विंगच्या जिन्याखाली, नऊ जण चपला काढून रांगेत उभे असतात. घड्याळं उतरतात, खिशातले मोबाइल आणि किल्ल्या स्टुलावर जातात. एक काका चष्मासुद्धा काढून ठेवतात. मग काट्यावरचा आकडा त्यांना दिसत नाही आणि मला तो त्यांच्या कानात सांगावा लागतो. हा आमचा वजनाचा गट. यंदा पाचवं वर्ष. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. तीस वर्षं खुर्चीत बसून नोकरी केली आणि आता या गटाची वही सांभाळते, एवढीच माझी पात्रता. पण आसपासच्या सोसायट्यांतून "आम्हालाही असा गट काढायचाय, कसं करता?" असं विचारणारे बरेच झाले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

कमी खावं, चालावं, गोड आवरावं हे पुण्यात कोणाला ठाऊक नाही? गाडी अडते ती वाढलेल्या आठवड्यात. घरात लग्न होतं, पाहुणे येतात, पाय मुरगळतो, आकडा चढतो. माणूस काट्याकडे पाठ फिरवतो आणि "पुढच्या सोमवारपासून" म्हणतो. तो सोमवार गणपती ओलांडतो, दिवाळी ओलांडतो. एकट्या माणसाला त्या आठवड्यात विचारणारं कोणी नसतं. त्या एका आठवड्यात तो उठून यावा म्हणून गट. बाकी वजन ज्याचं त्यालाच कमी करायचं असतं.

सोबतीने काय होतं हे पुणेकराला वेगळं सांगायला नको. एरवी कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही स्कूटर काढणारी माणसं पालखी पुण्याहून निघते तेव्हा हडपसरपर्यंत हसत चालतात. पाय तेच, रस्ता तोच. फरक दिंडीचा.

अशा गटांची सुरुवातही साधीच झाली. १९६१ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या जीन निडेच नावाच्या गृहिणीने सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि आपण चोरून बिस्किटं खातो हे त्यांच्यासमोर कबूल केलं. मग त्याही एकेक सांगू लागल्या. त्या बैठकीतून १९६३ मध्ये 'वेट वॉचर्स' ही संस्था उभी राहिली.  सुरुवात झाली ती कबुलीने. १९९९ मध्ये रीना विंग आणि रॉबर्ट जेफरी या अमेरिकी संशोधकांनी एक तुलना प्रसिद्ध केली. एकेकटे आलेल्या आणि नेहमीचे उपचार घेतलेल्या लोकांपैकी ७६ टक्क्यांनी कार्यक्रम पुरा केला. तीन ओळखीच्यांना सोबत घेऊन आलेल्या आणि एकमेकांना साथ कशी द्यायची हे शिकवलेल्या लोकांत तेच प्रमाण ९५ टक्के होतं. त्याहून मोठा फरक पुढच्या सहा महिन्यांत दिसला. कमी केलेलं वजन पूर्ण टिकवणारे एकट्यांत २४ टक्के निघाले, सोबतवाल्यांत ६६ टक्के.

पहिलं काम: डॉक्टर आणि शिंप्याची टेप

गट जमवण्याआधी प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना भेटून यावं. थायरॉइड, साखर, रक्तदाब बघून घ्यावा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि जेवण एकदम कमी केलं, तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. डोस बदलायचा तर तो डॉक्टरांनी, गटातल्या अनुभवी काकूंनी नव्हे. स्टिरॉइड आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी वजन वाढतं. अशा माणसाला 'तू खातोसच फार' म्हणणं अन्याय आहे आणि गटाला हे आधी माहीत असलेलं बरं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी हा गट नाही. खाऊन मुद्दाम उलटी काढणाऱ्यांना किंवा दिवसदिवस उपाशी राहणाऱ्यांना तर काट्याची रांग अपायच करेल. त्यांनी मनोविकारतज्ज्ञांकडे जावं.

मग आकडे. वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करा आणि वजनाला त्याने भागा. ७२ किलो आणि १५८ सेंटिमीटर असेल तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, येतो २८.८. जागतिक तक्त्यात २५ च्या पुढे जादा वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात. आपल्याकडे मात्र तज्ज्ञांनी २००९ मध्ये भारतीयांसाठी २३ आणि २५ या रेषा सुचवल्या. कारण समजून घ्यायला पुण्याबाहेर जायची गरज नाही. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वरून सडसडीत दिसणारा आपला माणूस आतून चरबी बाळगून असतो तो असा.

म्हणून काट्याइतकीच टेप महत्त्वाची. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं वरचं हाड यांच्या बरोबर मधोमध टेप आडवी धरायची, श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही सावध होण्याची रेषा. परकरपट्टीची जागा म्हणजे कंबर नव्हे, हे आमच्याकडे तीन जणींना समजवावं लागलं.

उद्दिष्ट छोटं ठेवा. अमेरिकेत तीन हजारांवर लोकांवर झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, लोकांना फक्त दोन गोष्टी गाठायला सांगितल्या होत्या: वजन ७ टक्क्यांनी कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं किंवा तेवढाच व्यायाम. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ७२ किलोच्या बाईसाठी ७ टक्के म्हणजे ५ किलो. 'लग्नाच्या वेळी ५२ होते' हा आकडा वहीत लिहायचा नाही. लिहू द्या म्हणणाऱ्या दोघी आमच्याकडे होत्या आणि त्याच सगळ्यांत आधी गळल्या.

माणसं निवडताना

माझा पहिला प्रयत्न सपशेल फसला, तो आधी सांगते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर हाक दिली, ३४ जण आले. तीन महिन्यांची स्पर्धा लावली, सर्वांत जास्त किलो घटवणाऱ्याला मिक्सर बक्षीस. सातव्या आठवड्यात उरले पाच. ज्यांचं वजन वाढलं ते हरले होते, मग यायचं कशाला? आणि जे पुढे होते त्यांतल्या एकाने मोजणीच्या आदल्या दिवसापासून पाणी पिणं बंद केलं. चक्कर येऊन जिन्यात बसला तेव्हा माझे डोळे उघडले. मिक्सर दुकानात परत केला. त्या दिवसापासून आमच्याकडे स्पर्धा नाही, बक्षीस नाही.

सहा ते दहा माणसं पुरे. पाचच्या खाली गेलात तर दोघं गावाला गेले की बैठक मोडते. बाराच्या वर गेलात की प्रत्येकाला बोलायला मिळत नाही, आणि जो बोलत नाही तो महिन्याभरात येईनासा होतो. दोन-तीन ओळखीचे मिळून आले तर उत्तम. मात्र एकाच घरातली माणसं एकाच गटात घेताना विचार करा. नवरा-बायको चालतात. सासू-सून आम्ही एकदा घेऊन पाहिल्या. प्रत्येक बैठकीत 'यांनीच तर केली होती बासुंदी' इथून सुरुवात व्हायची. शेवटी सूनबाई शेजारच्या सोसायटीच्या गटात गेल्या आणि दोघींचंही बरं चाललं आहे.

नवीन माणसाला मी एकच प्रश्न विचारते: "वजन वाढलं त्या आठवड्यात याल का?" लगेच हो म्हणणाऱ्यापेक्षा जरा थांबून "लाज वाटेल हो" म्हणणारा माणूस जास्त टिकतो, असा माझा अनुभव.

स्वतः गट काढायचा नसेल तर तयार गट शोधा. वजन उतरवण्याची (बॅरिॲट्रिक) शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रांत आणि मधुमेहाच्या दवाखान्यांत रुग्णांचे गट असतात, तिथल्या आहारतज्ज्ञांकडे चौकशी करा. तुमची भिशी असेल तर निम्मं काम झालंच आहे. माणसं बांधलेली आहेत, तारीख ठरलेली आहे, फक्त ताटातला मेनू बदलायचाय. अर्थात तेच सगळ्यांत अवघड.

जागा, वार, वेळ

यावर फार काथ्याकूट नको. प्रत्येकाला घरून पंधरा मिनिटांत पोचता आलं पाहिजे. कोथरूडच्या माणसाने खराडीचा गट धरला तर तो दुसऱ्या महिन्यात सुटणारच. वार एकच, वेळ एकच, आणि पावसातही छप्पर असलेली जागा. महापालिकेच्या बागा ठरावीक वेळातच उघड्या असतात, फाटकावरची पाटी वाचून या. तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी चालायला उत्तम, पण मोजणीला नाहीत. वर काटा कोण नेणार आणि सपाट जागा कुठे शोधणार?

आम्ही रविवारची सकाळ मुद्दाम धरली. ती वेळ मिसळीची असते, हे सगळ्यांना माहीत आहे. मोजणी होऊन बोलणं झालेला माणूस मिसळ खायला गेला तरी जादा पाव मागताना एकदा विचार करतो. सिंहगडाचंही तसंच. चढून जाणारे पुष्कळ, पण वर पोचल्यावर कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि मटक्यातलं दही झालं की चढण्याचा हिशेब तिथेच मिटतो. आम्ही वर्षातून दोनदा जातो. दही खातो. भजी नऊ जणांत दोन प्लेट.

काटा आणि वही

काटा एकच असावा आणि तो घरोघर फिरू नये. पहिल्या महिन्यात आमच्याकडे गोंधळ झाला. एकाच माणसाचं वजन दहा मिनिटांत दीड किलोने बदललं. काटा बिघडला म्हणून बदलून आणला, तरी तेच. मग लक्षात आलं की जिन्याखालची शहाबादी फरशी मध्ये खोलगट आहे आणि काट्याचा एक पाय अधांतरी राहतो. आता खाली प्लायवुडचा दोन फुटी तुकडा असतो, त्यावर काट्याच्या चार पायांच्या जागा खडूने आखलेल्या आहेत. मोजणीआधी मी पाच किलोची तांदळाची न फोडलेली पिशवी ठेवून बघते. सकाळी शौचाला जाऊन, काही न खाता, हलक्या कपड्यांत यायचं. (मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी उपाशी राहू नये. ते आपलं नेहमीचं खाऊन येतात, फक्त दर वेळी तसंच.)

वही दोनशे पानी, प्रत्येकाला स्वतंत्र पान. पाच रकाने: तारीख, वजन, या आठवड्यात किती दिवस चाललो, या आठवड्याचं ठरलेलं काम झालं का, एक ओळ. कंबर महिन्यातून एकदा. आकडा मोठ्याने वाचायचा नाही. बोर्डवर लावायचा नाही. दुसऱ्याचं पान उघडायचं नाही. जिन्याजवळ आमच्यातल्या एकाने पाटी लावली आहे: 'येथे वजन केले जाते. चौकशी केली जात नाही.' पुणेकरांना पाटीची भाषा लवकर कळते.

चाळीस मिनिटांची बैठक

मोजणीला दहा मिनिटं. मग गोल करून बसायचं. आणि इथे आमचा एकमेव कडक नियम: ज्याचं वाढलं तो आधी बोलणार. ज्याचं उतरलं तो शेवटी, आणि थोडक्यात. उलट केलं तर काय होतं ते आम्ही पाहिलंय. दोन किलो उतरवलेल्याने आपली कहाणी सांगितली की वाढलेला माणूस खुर्चीत आणखी खाली सरकतो आणि पुढच्या रविवारी त्याला काम निघतं.

प्रश्न तीनच. कुठे निसटलं? तेव्हा आजूबाजूला काय चाललं होतं? पुढच्या आठवड्यात कोणती एक गोष्ट करणार? 'का खाल्लंस?' हा प्रश्न बंद. 'मनाचा निर्धार हवा' हे वाक्यही बंद.

दिवाळीनंतरची एक बैठक सांगते. बँकेत काम करणाऱ्या आमच्या एक वहिनी, भाचीचं लग्न आटोपून आल्या होत्या. आठ दिवसांत १ किलो ८०० ग्रॅम. बसल्या त्याच मुळी पर्स मांडीवर घट्ट धरून.

"तीन महिन्यांचं सगळं गेलं," म्हणाल्या.

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "सगळं नाही जात. एक किलो चरबी साठायला सात हजार सातशे कॅलरी जास्तीच्या लागतात. तुम्ही तेवढं जेवलात का?"

"नाही हो, पण रोज बाहेरचं... लोणचं, पापड, ते रात्री उशिराचं..."

"मग त्यात मीठ आणि पाणी बरंच असणार. पुढच्या रविवारी बघू. आणि रात्री उशिरा का?"

मग निघालं की कार्यालयात जेवणाची दुसरी पंगत होती, पहिलीत त्या वाढायला होत्या. संध्याकाळी पाचपासून काही पोटात नव्हतं. दहा वाजता बसल्या ते भुकेने कासावीस होऊन. गोडाची हाव हा त्यांचा दोषच नव्हता. दोष होता पाच ते दहा या रिकाम्या वेळेचा. पुढच्या लग्नाला पर्समध्ये मूठभर फुटाणे आणि एक केळं, एवढं ठरलं. पुढच्या रविवारी १ किलो १०० ग्रॅम आपसूक गेले होते. एकट्या असत्या तर त्या काट्याकडे संक्रांतीपर्यंत फिरकल्या नसत्या, हे त्यांचेच शब्द.

शेवटची दहा मिनिटं आठवड्याच्या एका प्रयोगासाठी. सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट करायची. आमचा सर्वांत यशस्वी प्रयोग तेलाचा. तेलाची पिशवी फोडली त्या दिवशी तिच्यावर मार्करने तारीख लिहायची, संपली की परत लिहायची. चार माणसांच्या एका घरात महिन्याला ५ लिटर जातं असं निघालं. भागाकार केला तर माणशी रोज ४० मिलिलिटरच्या वर, म्हणजे छोटे आठ चमचे. ३०० च्या वर कॅलरी नुसत्या तेलाच्या, आणि बाहेरचा वडापाव त्यात धरलेलाच नाही. त्या घरी 'आम्ही तेल कमीच वापरतो' असं सगळे शपथेवर सांगत होते. कोणी ओरडलं नाही, पण पुढच्या महिन्यात फोडणीला पळी जाऊन चमचा आला. चहाच्या साखरेचाही असाच हिशेब करता येतो. दिवसाला चार कप, दर कपाला दोन चमचे, म्हणजे दीडशेच्या आसपास कॅलरी. अमृततुल्यवाल्याला 'साखर कमी' सांगून उपयोग नसतो, पातेलं एकच असतं. तिथे कपाऐवजी कटिंग.

पथ्याचं राजकारण

दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवा असं सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे अनुयायी आणि थोड्या थोड्या वेळाने खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर यांचे अनुयायी एकाच गटात असतील, तर बैठकीचं मैदान व्हायला वेळ लागत नाही. आमचा तोडगा असा: डॉक्टरांनी मना केलं नसेल तर ज्याला जे झेपतं ते त्याने तीन महिने करावं, दुसऱ्याला पटवू नये. गट पद्धत ठरवत नाही, हजेरी ठरवतो. अलीकडे वजन उतरवणारी आठवड्याची इंजेक्शनं घेणारेही येतात. त्यांचा आकडा भराभर उतरतो आणि बाकीचे खट्टू होतात. त्यांनी ते लपवू नये आणि इतरांनी त्याला फसवणूक म्हणू नये. डॉक्टरांनी दिलेलं औषध आहे ते.

घरचे आणि आग्रह

निम्मी लढाई ताटावर होते. 'एवढ्याने काय होतंय', 'माझ्या हातचं नको का', 'बारीक दिसायला लागलास, तब्येत बरी आहे ना?' ही वाक्यं प्रेमाची असतात, म्हणूनच त्यांना उत्तर सुचत नाही. गटात आम्ही ती उत्तरं चक्क घोकून घेतो. एक जण आत्याबाई होतो, दुसरा पाहुणा. 'नको' म्हटलं की आग्रह वाढतो. "आत्या, पोळी अप्रतिम झालीये, एक घेतली, आता भाजी वाढ" म्हटलं की वाढणाऱ्या हाताला काम मिळतं. ताटाभोवती हात धरून ठेवण्यापेक्षा वाटीत थोडं शिल्लक ठेवणं सोपं. रिकाम्या वाटीला आग्रह होतो, भरलेलीला नाही.

दोन महिन्यांतून एकदा घरच्यांना बैठकीला बोलवा. व्याख्यान नको. त्यांनी फक्त एक सांगायचं: घरात काय बदललं तर चालेल आणि काय चालणार नाही. एका आजोबांनी सांगितलं, "रात्रीचा वरणभात मी सोडणार नाही." झालं, प्रश्न मिटला. त्यांच्या सुनेने आपल्यापुरता भात निम्मा केला आणि आमटी दुप्पट.

सणांचं वेळापत्रक आधीच लावा

आपल्या वर्षात सलग दोन रिकामे महिने सापडत नाहीत. श्रावणातले उपास, गणपतीत घरोघरच्या आरत्या आणि प्रसाद, नवरात्र, दिवाळी, मार्गशीर्षातले गुरुवार, हुरडा, संक्रांतीची हळदीकुंकवं, लग्नसराई आणि मग आंबा. जूनमध्येच कॅलेंडर घेऊन बसा आणि महिन्यांवर दोन प्रकारच्या खुणा करा: उतरवायचे आणि राखायचे. दिवाळीच्या पंधरवड्यात वजन उतरवायचं उद्दिष्ट ठेवणारा माणूस पाडव्यालाच हार मानतो. तिथे आहे तेवढं राखलं तरी जिंकलात.

उपासाबद्दल एक. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात शेंगदाण्याचं कूट आणि तूप. नेहमीच्या पोळीभाजीपेक्षा खिचडीची बशी जड पडते. उपास करूच नका असं मी म्हणणार नाही, ते माझं काम नव्हे. वरीचे तांदूळ, ताक, फळ, काकडीची कोशिंबीर हेही उपासालाच चालतं.

फराळाला आम्ही तोड काढली ती अशी. पूर्वी नऊ घरांत प्रत्येकी सहा-सात पदार्थ, डबे भरून, देवदिवाळीपर्यंत. आता प्रत्येक घराने एकच पदार्थ करायचा आणि वाटून घ्यायचा. चकली एकीकडे, चिवडा दुसरीकडे, करंज्या तिसरीकडे. प्रत्येक घरी सगळं येतं आणि चार दिवसांत संपतं. पहिल्या वर्षी आमच्या सासूबाईंनी चकलीला नावं ठेवली. खरंच मऊ झाली होती.

व्हॉट्सअ‍ॅप

बैठकीला पर्याय म्हणून नको, जोड म्हणून ठेवा. तीनच प्रकारचे निरोप चालतील: 'आज चाललो', 'आज अडचण आहे, कोणी फोन करा', आणि बैठकीची वेळ. सुप्रभात, लिंबूपाणी-मधाचे चमत्कार, काढे, आधी-नंतरचे फोटो नाहीत. प्रत्येकाला एक जोडीदार द्या. दोन रविवार न आलेल्याला जोडीदाराने फोन करायचा, निरोप टाकायचा नाही. फोनवर वजनाबद्दल बोलायचं नाही, "चहाला येते" एवढंच. आमच्याकडे परत आलेले सगळे या फोनने आले आहेत.

आकडा अडून बसला की

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुतेकांचा काटा थांबतो. वजन उतरलं की शरीराला लागणाऱ्या कॅलरीही कमी होतात, आणि सुरुवातीला काटेकोर असलेल्या वाट्या हळूहळू मोठ्या होतात. दोन्ही एकदम घडतं. चार आठवडे आकडा हलला नाही तर तीन दिवस सगळं लिहून काढा, चाखलेलंसुद्धा. कंबर मोजा. पुष्कळदा काटा थांबलेला असतो आणि टेप सरकत असते. चालणं आठवड्याला १५० मिनिटांवरून २०० करा, दोन दिवस ताकदीचे व्यायाम घाला. पर्वतीच्या १०३ पायऱ्या फुकट आहेत. गुडघे दुखत असतील तर त्याच पायऱ्या महाग पडतात, तेव्हा सपाटीवरच चाला. एका आठवड्यात एक किलोहून जास्त वजन सतत उतरत असेल तर मात्र टाळ्या वाजवू नका, डॉक्टरांकडे पाठवा. काही न करता उतरत असेल तर त्याच दिवशी.

गट सोडावा कधी

कोणी पावडरचा डबा, शेक, चहा, पट्टा विकायला सुरुवात केली आणि 'तुम्हीही दोन माणसं जोडा' म्हणाला, की तो गट राहिला नाही, दुकान झालं. आमच्याकडे एक गृहस्थ आले होते, दुसऱ्याच बैठकीत बॅगेतून डबे निघाले. चहा पाजून निरोप दिला. औषधं बंद करायला सांगणारा गट, वाढलेल्याला हसणारा गट, कोणाच्या अंगावरून शेरे मारणारा गट, एका माणसाची भक्ती करणारा गट: उठून या, कारणं देत बसू नका.

वजन उतरल्यावर

इथे बहुतेक जण गट सोडतात, आणि हीच खरी चूक. ठरलेलं वजन गाठलं की नाव रविवारच्या यादीतून महिन्याच्या यादीत जातं. पहिल्या रविवारी यायचं, काट्यावर उभं राहायचं, नव्यांना एक गोष्ट सांगायची. गाठलेल्या वजनापेक्षा दोन किलो वर गेलं की कोणी न सांगता परत दर रविवारी यायचं. सध्या महिन्याच्या यादीत चार जण आहेत. पाचवी मी होते. यंदा रत्नागिरीहून मावशीने तीन पेट्या पाठवल्या, आणि जूनच्या पहिल्या रविवारी काटा २ किलो ३०० ग्रॅम वर दाखवत होता. तांदळाची पिशवी दोनदा ठेवून पाहिली. काटा बरोबर होता. वहीतलं माझं पान मीच परत काढलं, आणि त्या रविवारी बैठक माझ्यापासून सुरू झाली.